निगेटिव्हचा फोन करत नाहीत

जबाब
दि. ०३/०५/२०२५, शनिवार. सुरू केल्याची वेळ सकाळी ११.२०

मी, धम्मप्रिया सतीश शिवशरण, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (कंत्राटी परिचारिका, कल्लप्पानगर नागरी आरोग्य केंद्र), रा. सात रस्त्याच्या मागे, भाड्याने, सोलापूर.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व एका मुलीसह राहते. कल्लप्पानगर केंद्रात सहा वर्षांपासून आहे. श्रीमती गुरम्मा शिवप्पा हत्ताळे, वय ६२, बिडी कामगार, रा. कल्लप्पानगर, या दि. ०२/०५/२०२५ रोजी त्यांच्या घराच्या गच्चीवरील कुलूपबंद खोलीत मयत मिळून आल्या. त्यांच्याविषयी मला काय माहिती आहे आणि त्यांना कोंडून ठेवल्याचे मला आधी माहीत होते का, असे विचारण्यात आले. त्यावरून मी खालीलप्रमाणे हकीगत सांगते. कोण काय बोलले ते बोलले तसेच सांगावे, असे हवालदार साहेबांनी सांगितले आहे.

दि. २४/०४/२०२५, गुरुवार रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास गुरम्मा ओपीडीत आल्या. सोबत मुलगा विरुपाक्ष होता. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. वैद्यकीय अधिकारी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून प्राथमिक माहिती मी घेतली. खोकला तीन आठवड्यांपासून, वजन कमी झालेले, संध्याकाळी कणकण. गुरम्मा म्हणाल्या, "बिडीचा ठसका हाय अक्का. चाळीस वर्सं हाय. तंबाकू सोडली तर खोकला सोडंल, पर मग खायाचं काय?" त्या हसत होत्या. हसताना पुन्हा खोकला आला, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला धरला. मी सांगितलेले नसताना धरला.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तो क्षयरोगाचा संशयित रुग्ण धरायचा आणि त्याची नोंद करून वर कळवायचे, असा आमच्याकडे नियम आहे. खात्री होईपर्यंत थांबायचे नसते. मागील वर्षी गोवरच्या एका संशयित मुलीची माहिती मी डॉक्टरांच्या सहीसाठी दोन दिवस ठेवून घेतली होती. त्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तेव्हापासून मी थांबत नाही.

मी फॉर्म काढला तेव्हा गुरम्मांनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या, "औषध दी. लई कडू असंल तरी दी. पर नाव नगं लिवू अक्का. नाव लिवलं की बिडी घेत न्हाईत. आमच्या गल्लीत एकीचं लिवलं व्हतं, ती गेली गाव सोडून."

मी म्हणाले, "मावशी, लिहावंच लागतं. पण कुणाला कळत नाही. हे फक्त ऑफिसात राहतं."

त्यांनी दोनदा विचारले, "कळत न्हाय न्हवं?" मी दोनदा नाही म्हटले.

फॉर्मवर पत्त्याच्या खाली 'घराची खूण' असा रकाना आहे. कल्लप्पानगरात घरांना नंबर नाहीत. विरुपाक्षने सांगितल्याप्रमाणे मी 'पिठाच्या गिरणीमागे, बिडीवाली गुरम्मा' असे लिहिले. थुंकीचा नमुना घेतला. आमच्याकडील तपासणीचे साहित्य संपलेले असल्याने नमुना बाहेर जाणार होता व रिपोर्टला पाच-सहा दिवस लागणार होते. रिपोर्ट येईपर्यंत काय करायचे ते मी विरुपाक्षला सांगितले. मी म्हणाले, "आईला वेगळं ठेवा. लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका." वेगळे म्हणजे कसे ते मी सांगितले नाही. खिडकी उघडी हवी, तोंडाला कपडा हवा, जेवण नेहमीसारखे द्यायचे, हे सगळे छापील कागदावर असते. ते कागद संपले होते.

दि. २५/०४/२०२५, शुक्रवार रोजी आमचे आरोग्य सेवक प्रभु हे पत्ता पडताळणीसाठी कल्लप्पानगरात गेले. तो त्यांच्या कामाचा भाग आहे. ते घर विचारत गेले एवढे मला माहीत आहे. गिरणीवर उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी "ती टीबीची म्हातारी कुठं राहती?" असे विचारले, हे मला नंतर शेजारी राहणाऱ्या रंभाबाई यांच्याकडून समजले. प्रभु यांचे म्हणणे असे की, त्यांनी फक्त गुरम्मांचे नाव घेतले. मी तेथे नव्हते.

पुढील दोन दिवसांचे मला प्रत्यक्ष माहीत नाही. काल रंभाबाईंनी व इतरांनी सांगितले ते असे. शनिवारी गुरम्मा वळलेल्या बिड्या घेऊन नेहमीच्या कारखान्यात गेल्या. तेथील कारकुनाने टोपली आत घेतली नाही. रांगेतली एक बाई म्हणाली, "एवढ्या दिवस तुजा थुका वढला की लोकांनी, आता बास कर." रांगेतल्या सगळ्या हसल्या. गुरम्मासुद्धा हसल्या, असे रंभाबाईंनी सांगितले. रंभाबाई स्वतः त्या रांगेत होत्या.

रविवारी सकाळी गुरम्मा सार्वजनिक नळावर गेल्या. त्यांनी तोटीला हात लावला म्हणून बायकांनी आपापल्या भरलेल्या घागरी गटारीत ओतल्या. कल्लप्पानगरात पाणी पाच दिवसांनी येते. त्याचा राग होता. गुरम्मा परत जाताना मुले त्यांच्यामागे खोकत चालली होती. गल्लीच्या टोकापर्यंत मुले तशीच चालली. कोणी अडवले का, असे मी रंभाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लेकरं हाईत. त्यांचा ख्योळ असतोय."

त्याच दिवशी दुपारी गल्लीतले लोक विरुपाक्षच्या दारात जमले. म्हातारीला आवर, नाहीतर खोली सोड, असे त्याला सांगितले. विरुपाक्ष म्हणाला, "दवाखान्यातनं बी वेगळं ठेवा म्हनलेत." मग सर्वांनी मिळून गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी केली. त्यात जुन्या मागाचे लोखंड होते. विरुपाक्षकडे कुलूप नव्हते, ते रंभाबाईंनी दिले. रंभाबाईंनी मला हे स्वतःहून सांगितले. त्या म्हणाल्या, "कुलूप माजंच हाय. पितळी हाय. सायबांना सांगा, काम झालं की परत द्या म्हनावं."

दि. २८/०४/२०२५, सोमवार रोजी सकाळी ९.१० वाजता मी पाठपुराव्यासाठी विरुपाक्षच्या मोबाईलवर फोन केला. संशयित रुग्णाच्या घरी चौथ्या दिवशी भेट द्यायची असते. माझ्याकडे तीन वस्त्या आहेत, म्हणून आम्ही फोन करतो. सगळ्याच जणी तसे करतात. मी गुरम्मांच्या तब्येतीची विचारपूस केली. तब्येत ठीक आहे, वेगळे ठेवले आहे, असे विरुपाक्षने सांगितले. याखेरीज आमचे बोलणे झाले नाही. फोन दोन मिनिटांचा होता. खोलीला कुलूप असल्याचे मला माहीत नव्हते. मी रजिस्टरमध्ये 'विलगीकरण: होय. प्रकृती: ठीक' अशी नोंद केली.

दि. २९/०४/२०२५, मंगळवार रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास रिपोर्ट आले. अकरा रिपोर्ट होते. दोन पॉझिटिव्ह, नऊ निगेटिव्ह. गुरम्मांचा निगेटिव्ह होता. मला बरे वाटले, हे मी सांगू इच्छिते. दोन पॉझिटिव्ह रुग्णांना मी केंद्र बंद होण्याआधी फोन केले व औषध सुरू करण्यासाठी दुसऱ्या दिवशी बोलावले. निगेटिव्ह रिपोर्टचा फोन करण्याची पद्धत नाही. पॉझिटिव्ह असेल तर आम्ही रुग्णाला शोधत जातो. निगेटिव्ह असेल तर तो स्वतः येऊन विचारतो आणि मग आम्ही सांगतो. गुरम्मा येतील, असे मी धरले होते. निगेटिव्ह आलेल्यांचे नाव पाठपुराव्याच्या यादीतून कमी करायचे असते. मी नऊ नावांवर रेघ मारली. त्यामुळे पाठपुराव्याचा दुसरा फोन, जो बुधवारी करायचा होता, तो गुरम्मांसाठी करण्याची गरज उरली नाही.

बुधवारी अक्षय्यतृतीया होती. विरुपाक्षची पत्नी महानंदा ही दोन मुलांना घेऊन अक्कलकोटजवळ माहेरी गेली. मुलांना धोका नको म्हणून गेली, असे तिचे म्हणणे आहे. तोपर्यंत खोलीच्या झरोक्यातून पाण्याचा तांब्या व भाकरी तीच आत सोडत होती. गुरुवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, केंद्र बंद होते. त्या दोन दिवसांत पाणी कोणी दिले, यावर पती-पत्नीचे एकमत नाही. महानंदा म्हणते, ह्यांना सांगून गेले होते. विरुपाक्ष म्हणतो, ती भरून गेली असेल असे वाटले. खाली राहणाऱ्यांना बुधवारी दिवसभर पत्रा वाजवल्याचा आवाज येत होता. गुरुवारी दुपारनंतर आला नाही. रंभाबाई म्हणाल्या, "आमाला वाटलं, निजली आसंल. तेवढंच डोकं शांत झालं."

दि. ०२/०५/२०२५, शुक्रवार रोजी कल्लप्पानगरातील अंगणवाडीत लसीकरण होते. तेथे माझी ड्यूटी होती. सव्वाबाराच्या सुमारास रंभाबाई त्यांची नात संस्कृती हिला लस द्यायला घेऊन आल्या. लस दिल्यावर, इंजेक्शनची जागा चोळू नका, ताप आला तर अर्धी गोळी द्या, असे मी सांगितले. रंभाबाईंनी विचारले, "बाई, आमच्या वरच्या म्हातारीचं काय? किती दिवस ऱ्हाणार अजून? आमाला लेकराची काळजी वाटती की."

मी म्हणाले, "त्यांना काही नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला मंगळवारीच."

"निगेटिव म्हंजी? चांगलं का वाईट?"

"चांगलं. टीबी नाही त्यांना."

रंभाबाई म्हणाल्या, "आत्ता गं! मग उगंच की कोंडली." त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईने म्हटले, "कोंडली ती कोंडली, आमचं पानी गेलं त्येचं काय?"

मी कोंडली म्हणजे काय असे विचारले व लगेच त्यांच्यासोबत निघाले. लसीचा डबा मदतनीस बाईंकडे दिला. जिन्यापर्यंत सात-आठ जण आले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर सगळे थांबले. एक जण म्हणाला, "तुमी जावा वर. तुमाला सवय हाय."

मी वर गेले. पत्रा इतका तापला होता की दारावर थाप मारताना मला हाताला रुमाल गुंडाळावा लागला. मी तीन वेळा हाक मारली. उत्तर आले नाही. वास येत होता. मी वरूनच खाली ओरडून सांगितले की, मुलाला बोलवा आणि १०८ ला फोन करा. तोडायला काही द्या, असेही म्हणाले. रंभाबाई खालून म्हणाल्या, "तोडू नगा, नवं कुलूप हाय. त्यो येतोय की किल्ली घिऊन." मी हाताने ओढून पाहिले. ते निघाले नाही.

विरुपाक्ष दहा-बारा मिनिटांनी आला. तो अर्ध्या जिन्यावर थांबला. त्याने मला विचारले, "मॅडम, जादा मास्क हाय का?" मी माझ्याजवळचा दिला. मास्क लावूनही तो वर आला नाही. त्याने तेथूनच किल्ली माझ्याकडे फेकली. किल्ली गच्चीवर पडली, ती मी उचलून कुलूप उघडले.

दार पूर्ण उघडले नाही, कारण गुरम्मा दाराला लागून पडलेल्या होत्या. तोंड दाराच्या खालच्या फटीकडे होते. फटीतून थोडी हवा येत असावी. उजव्या हाताची बोटे फटीत होती. तांब्या आडवा होता व कोरडा होता. अंगावर लुगडे होते, पदर तोंडावर बांधलेला होता. मी नाडी पाहिली. नाडी पाहावी लागते. लागली नाही. वेळ दुपारी १२.५५.

मी विरुपाक्षला सांगितले की त्या गेल्या आहेत. तो जिन्यावर बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "रिपोर्ट काय आला म्हनला?" मी सांगितले. तो म्हणाला, "मंगळवारी?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मंगळवारी पत्रा वाजवत व्हती की ती. फोन करायचा मॅडम. एक फोन करायचा की." मी निगेटिव्हचा फोन करत नाहीत असे त्याला सांगितले. हे मी त्या वेळी का सांगितले, हे मला सांगता येत नाही.

अँब्युलन्स आली तेव्हा गल्लीतील कोणीही मृतदेहाला हात लावला नाही. टीबी नव्हता, असे मी दोनदा मोठ्याने सांगितले. एका इसमाने "नसंल, पर दवाखान्याचं काय खरं? काल हाय म्हनत्यात, आज न्हाय म्हनत्यात," असे म्हटले. अँब्युलन्सवरील कर्मचारी आणि मी, दोघांनी मिळून गुरम्मांना खाली आणले. त्यांचे वजन फार नव्हते. आम्ही खाली उतरताच एका बाईने जिन्यावर फिनेल ओतले. विरुपाक्ष अजून जिन्यावरच बसलेला होता. त्याला उठ असे कोणी म्हटले नाही, त्याच्या बाजूने ओतले.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास वैद्यकीय अधिकारी यांनी मला फोन करून, रजिस्टरमधील गृहभेटीचा रकाना मोकळा ठेवू नका, सोमवारची तारीख टाकून भरून घ्या, दोघांनाही त्रास होणार नाही, असे सांगितले. मी तो रकाना भरलेला नाही. रजिस्टर आज सोबत आणून हजर केले आहे. माझे कंत्राट जूनमध्ये संपते.

गुरम्मांची नोंद करणे माझे कर्तव्य होते व ती मी त्याच दिवशी केली. उद्या असा रुग्ण आला तरी करीन. यात माझी चूक आहे असे मला कोणी म्हटलेले नाही. विरुपाक्ष, महानंदा अथवा गल्लीतील कोणाशीही माझे वैर नाही.

येथवर टाइप झाल्यावर हवालदार साहेबांनी जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सोमवारच्या फोनबद्दल, 'याखेरीज आमचे बोलणे झाले नाही' आणि 'खोलीला कुलूप असल्याचे मला माहीत नव्हते', अशा दोन ओळी त्यात आहेत. त्या मीच सांगितल्या होत्या. त्या खऱ्या नाहीत. हवालदार साहेब म्हणाले, "सिस्टर, असू द्या की. पोराचं नाव आहेच यात. तुम्ही कशाला पुढं होता?" मी म्हणाले, त्या ओळी वर तशाच राहू द्या आणि खरे काय ते खाली लिहून घ्या. त्याप्रमाणे पुढे सांगते.

सोमवारी फोनवर मी, "मावशींना फोन द्या," असे म्हणाले होते. विरुपाक्ष म्हणाला, "तिच्या तोंडाला लागलेला फोन मग आमी कानाला लावायचा व्हय?" मी म्हणाले, "बरोबर आहे." तेव्हा पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज येऊ लागला. मी, आवाज कसला, असे विचारले. तो म्हणाला, "म्हातारीच हाय. कुलूप लावलंय मॅडम, न्हाय तर नळावर जाती." मी म्हणाले, "बरं. पाणी ठेवत जा." त्याने, ठेवतो की, असे म्हटले.

आवाज थांबला नव्हता. त्यासोबत गुरम्मांचा आवाज येत होता. त्या "बागलु तगी, अप्पा, बागलु तगी" असे म्हणत होत्या. विरुपाक्ष म्हणाला, "कायतरी बडबडती कन्नडमदी, सोडा." मी अक्कलकोट तालुक्यात चार वर्षे नोकरी केली आहे. दार उघड बाबा, दार उघड, एवढे कन्नड मला कळते. मी फोन ठेवला, कारण यादीत पुढची नावे होती.

हे पुरवणी सांगणे धरून संपूर्ण जबाब मला पुन्हा वाचून दाखवण्यात आला. आता तो बरोबर आहे.